स्टीलची निब घासून लवचिक करायची की स्टब घ्यायची?

फाउंटन पेनची सहा नंबरची स्टीलची निब दोन्ही बाजूंनी घासून लवचिक करायचीय आणि सोलापुरात हे काम कोण करून देईल, असं तुम्ही विचारलंय. सोबत नमुना मात्र मराठी अक्षरांचा जोडलाय, म्हणून आधी त्याबद्दल बोलतो.

लवचिक निब दाबली की चिरेच्या दोन्ही बाजूंच्या पात्या फाकतात आणि रेघ जाड होते. कॉपरप्लेट या इंग्रजी सुलेखनशैलीचं वळण याच दाबावर उभं आहे: खाली येताना जाड, वर जाताना बारीक. देवनागरीचं तसं नाही. आपलं वळण बोरूतून आलंय. बोरूचं टोक सपाट आणि तिरकं छाटलेलं असतं, त्यामुळे जाडी हाताच्या दाबावर नाही, रेघेच्या दिशेवर ठरते. मराठीसाठी त्याच पेनात १.१ मिमीची स्टब, म्हणजे सपाट रुंद टोकाची, निब बसवा. घासाघाशीची गरजच पडणार नाही.

कॉपरप्लेटच शिकायचं असेल तर मात्र जरूर करा, काम घरी होण्यासारखं आहे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या वर्कशॉपच्या ग्राइंडरवर निब धरू नका. क्षणात तापते आणि नको तेवढा धातू जातो. सराफी कारागीर वापरतात ती बारीक अर्धगोल कानस आणि भिंग घ्या. निबेच्या मधल्या छिद्राच्या दोन्ही अंगांना, खांद्यांवर, चंद्रकोरीसारखी खाच काढायची. टोकाकडे अजिबात जायचं नाही. चार हात मारले की भिंगातून बघा. एक खांदा जास्त घासला गेला तर दाबल्यावर ती पाती जास्त वाकते, टोकं वरखाली होतात आणि निब कागद खरवडते. शेवटी १००० आणि २००० नंबरच्या पॉलिश पेपरने, पाणी लावत, खाच गुळगुळीत करा. हा टप्पा बरेच जण टाळतात, पण राहिलेल्या ओरखड्यातूनच पुढे तडा जातो. नूडलर्स या अमेरिकी कंपनीच्या लवचिक निबेत तर छिद्रच ठेवलेलं नाही, चीरच लांब नेलीय. हेतू तोच, वाकणं सोपं व्हावं.

खरी अडचण जिभेची, म्हणजे निबेखालून शाई पोचवणाऱ्या भागाची. पात्या उघडल्या तरी शाई तेवढी पोचत नाही. मग रेघेच्या दोन कडा उमटतात आणि मध्ये कोरं राहतं. प्लास्टिकच्या जिभेपेक्षा एबोनाइटची (कडक रबराची) बरी. तिची शाई वाहण्याची खाच पातळ पात्याने थोडी खोल करता येते, आणि गरम पाण्यात धरून ती निबेला चिकटून बसवता येते. कानपूरच्या कॅनराइट या निब बनवणाऱ्या कंपनीकडे लवचिक निबाही मिळतात, एबोनाइटच्या जिभाही. मी तर घासण्याआधी तीच जोडी वापरून बघायला सांगेन.

शाई साधी, पाण्यात विरघळणारी भरा. लाख असलेली इंडिया इंक पेनात जाम बसते. आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा अशी ओली निब उघडी ठेवली की टोकावर शाई वाळते. ओळ संपवून विचार करत बसायचं असेल तर टोपण लावा.

जुनी १४ कॅरेटची सोन्याची निब हाताशी असेल तर तिला कानस लावू नका.