कोविडनंतर खेड्यातली माध्यमिक शाळा पूर्ववत व्हायला किती काळ लागला? सगळ्यात अवघड काय गेलं?

कागदावरची तारीख हवी असेल तर ४ ऑक्टोबर २०२१. त्या दिवशी ग्रामीण भागातले पाचवी ते बारावीचे वर्ग सुरू झाले. पण तुम्ही 'पूर्ववत' कधी झाली असं विचारलंय, आणि आमच्यापुरतं त्याचं उत्तर जून २०२३ असं आहे. अवघड काय गेलं, तर अभ्यासक्रम नव्हे. तो कसाही ओढून नेता येतो. शाळेचा दिवस कसा चालतो हेच मुलांना ठाऊक नव्हतं, आणि ते शिकवण्यात आमचा सगळा जीव गेला.

मी सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यात एका अनुदानित विद्यालयात नववी-दहावीला गणित शिकवते. शाळा पाचवी ते दहावी, निम्मी मुलं वाड्यावस्त्यांवरून येणारी. वेळापत्रकाचं कामही बरीच वर्षं माझ्याच गळ्यात आहे, त्यामुळे हा सगळा काळ मला तासिकांच्या हिशेबातच आठवतो. शहरातल्या शाळांचा अनुभव वेगळा असणार, त्यांच्याविषयी मी बोलत नाही.

मुळात शाळा एकदा बंद झाली आणि एकदा उघडली, असं झालंच नाही. मार्च २०२० मध्ये दहावीचा भूगोलाचा पेपर राहिला, तो पुढे रद्दच झाला. २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी-दहावी, मग जानेवारी २०२१ अखेर पाचवी ते आठवी, आणि दुसरी लाट आली तसं पुन्हा कुलूप. ऑक्टोबर २०२१ मध्ये उघडली ती जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनमुळे परत बंद, २४ जानेवारीला परत सुरू. दर खेपेला नवं वेळापत्रक. एका बाकावर एकच मूल, आज सम हजेरी क्रमांकाची मुलं आणि उद्या विषम, तीन-साडेतीन तासांची शाळा, परिपाठ नाही, मैदान नाही, मोठी सुट्टी नाही. दिवसाआड येणाऱ्या मुलांना गणित शिकवून बघा कधीतरी. सोमवारी वर्गसमीकरणाचं सूत्र शिकवायचं, मंगळवारी तेच दुसऱ्या निम्म्यांना, आणि बुधवारी पहिली निम्मी येतात तेव्हा त्यांच्या डोक्यात सूत्राचा मागमूस नसतो.

त्यात एसटीचा संप. शहरी लोकांच्या आठवणीत तो वेगळा विषय म्हणून राहिलाय, आमच्याकडे मात्र तो शाळेचाच विषय होता. शाळा उघडून महिना झाला असेल-नसेल आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये गाड्या आगारात उभ्या राहिल्या. पूर्ण सुरळीत व्हायला एप्रिल २०२२ चा शेवट उजाडला. पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास मोफत असतो. त्या पासाच्या जिवावरच वाडीवरची मुलगी आठवीनंतर शिकते, हे आमच्या भागात कुणीही सांगेल. गाडी नाही म्हटल्यावर वडापला, म्हणजे खासगी जीपला, रोज पैसे मोजायचे. मुलाला देतात, मुलीला "ऱ्हा आता घरी, पेपरला जा" म्हणतात. त्या हिवाळ्यात आमच्या हजेरीपत्रकात मुलींच्या नावापुढे जितके गैरहजेरीचे शेरे पडले, त्यातले निम्मे कोविडचे नव्हते. पुढे आढावा बैठकांमध्ये सगळंच 'कोविडकाळातील अध्ययन-हानी' या एका मथळ्याखाली गेलं.

पटाचीही एक गंमत झाली. आमच्या भागातली पुष्कळ घरं गलाईच्या धंद्यात आहेत. सोनं-चांदी गाळण्याचं काम करणारी ही माणसं तमिळनाडू, केरळ, पार उत्तरेपर्यंत पसरलेली. बाकीची मुंबईला माथाडीत. टाळेबंदीत ही कुटुंबं गावी परतली आणि मुलं आमच्या पटावर आली. दाखला नाही म्हणून कुणाला परत पाठवायचं नाही, असं धोरण होतं आणि ते योग्यच होतं. आठवीत एक पोरगा तमिळ सफाईने लिहायचा, मराठी घरात बोलायचा तेवढीच. एक मुलगी गणितात भलतीच हुशार, पण शाब्दिक उदाहरण आलं की थांबायची, कारण 'मुद्दल' आणि 'दर' हे शब्दच तिने ऐकलेले नव्हते. आम्ही खपून त्यांना रुळवलं, आणि २०२२ च्या उन्हाळ्यात धंदे सुरू झाले तशी त्यातली बहुतेक मुलं परत गेली. पट फुगला आणि ओसरला. संचमान्यता पटावर ठरते, म्हणजे शिक्षकांची पदं किती हेही पटावरच. तेव्हा शिक्षकखोलीत त्या वर्षी कशाची चर्चा जास्त होती हे वेगळं सांगायला नको.

आता मुख्य गोष्ट. जून २०२२ मध्ये पहिल्यांदा पूर्ण पटाची, पूर्ण वेळेची शाळा भरली. अकरा ते पाच, आठ तासिका, लहान सुट्टी, मोठी सुट्टी. मी २०१९ चं जुनं वेळापत्रक काढलं, नावं बदलली आणि फळ्याशेजारी लावून टाकलं. आठवड्याभरात लक्षात आलं की वेळापत्रक चालवणारी मुलंच शाळेत नाहीत. मार्च २०२० मध्ये जी सातवीत होती, ती आता थेट दहावीत. त्यांची आठवी फोनवर गेली, नववी तुकड्या-तुकड्यांत. आणि दहावीची मुलं म्हणजे खेड्यातल्या शाळेचा अर्धा कारभार. हजेरीपत्रक कार्यालयातून कोण आणतं, तास संपल्यावर फळा कोण पुसतं, परिपाठाला 'सावधान-विश्राम' कोण देतं, मोठ्या सुट्टीत नळावर पाचवीच्या पोरांना आधी सोडायचं, घंटा झाल्यावर सर येईपर्यंत वर्गप्रमुखाने पाढे किंवा कविता म्हणून घ्यायची. यातलं काहीही आम्ही शिक्षकांनी कधी शिकवलेलं नव्हतं. दहावीचं बघून नववी शिकायची, नववीचं बघून आठवी. तो धागा तुटला होता आणि तुटलाय हे आमच्या कुणाच्या गावीही नव्हतं.

परिपाठाचंच बघा. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, दिनविशेष, बातम्या एवढं झालं की संपतो. पंधरा मिनिटांचं काम. जून २०२२ मध्ये माईकसमोर उभं राहून मोठ्याने प्रतिज्ञा सांगायला दहावीतला एकही मुलगा तयार होईना. शेवटी आम्ही शिक्षकच समोर उभे राहिलो, मग एकेकाला शेजारी घेतलं, मग हळूहळू मागे सरकलो. त्यात दिवाळी आली.

लेझीमचं तर विचारूच नका. त्या ऑगस्टला स्वातंत्र्याचा अमृतमहोत्सव, घरोघरी तिरंगा, गावातून प्रभातफेरी, आणि आमच्या पथकाची ख्याती पंचक्रोशीत. लेझीम खोलीत होत्या, हलगी होती, ढोल होता, पण ठेका एकालाही येत नव्हता. क्रीडाशिक्षकांना डाव बसवता येतात, हलगी वाजवता येत नाही. ती कायम पोरांकडून पोरांकडे गेलेली. मग आमचे जुने विद्यार्थी, तालुक्याला कॉलेजात जाणारे, त्यांना बोलावलं. दादा लोक संध्याकाळी यायचे आणि मैदानावर अंधार पडेपर्यंत घाई, डाव, गिरकी चालायची. माझ्या मते त्या वर्षी शाळा रुळावर यायला सगळ्यात जास्त उपयोग या पंधरा दिवसांचा झाला, आणि हे कुठल्याही अहवालात लिहिता येत नाही.

सेतू अभ्यासक्रमाबद्दल, म्हणजे मागच्या इयत्तांचं राहिलेलं भरून काढण्याच्या अभ्यासक्रमाबद्दल, बरेच जण विचारतात. जुलै २०२१ मध्ये ४५ दिवसांचा झाला, तेव्हा शाळाच बंद होत्या. कृतिपत्रिका व्हॉट्सअॅपवर जायच्या आणि एकाच वहीचे फोटो सात-आठ जणांकडून परत यायचे, त्याच बोटाच्या सावलीसकट. जून २०२२ चा ३० दिवसांचा मात्र वर्गात झाला आणि कामाला आला. पाचवी-सहावीचे अपूर्णांक, दशांश, ऋण संख्या आठवीला परत शिकवायला अधिकृत मुभा मिळाली. एरवी मागचं शिकवत बसलं की 'भाग पूर्ण कधी करणार' हा प्रश्न येतोच. देशभरातल्या 'असर' सर्वेक्षणात आठवीत असून दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुलं २०१८ मध्ये सुमारे ७३ टक्के होती, ती २०२२ मध्ये ६९.६ टक्के झाली. आकडा फार घसरलेला दिसत नाही. पण सर्वेक्षणात मूल उतारा वाचतं आणि सुटतं. वर्गात त्याला पस्तीस मिनिटं बसायचं असतं, ऐकता ऐकता लिहायचं असतं, आणि असं दिवसातून आठ वेळा. खरी घसरण तिथे होती.

हाताचं म्हणाल तर, मुलांचे हात दुखायचे. हे मी लाक्षणिक अर्थाने म्हणत नाही. पानभर लिहून झालं की पेन ठेवून मनगट चोळत बसायची. २०२२ च्या मार्चमध्ये जी तुकडी दहावीला बसली, तिने आठवीची वार्षिक दिली नव्हती, नववीचीही नाही. तीन तासांचा पेपर हा प्रकार तिला ऐकूनच माहीत. मंडळाने त्या वर्षी सवलती दिल्या. २५ टक्के अभ्यासक्रम कमी, ज्याच्या त्याच्या शाळेत केंद्र, आणि ८० गुणांच्या पेपरला अर्धा तास, ४० गुणांच्या पेपरला पाव तास जास्त. निकाल राज्याचा ९६.९४ टक्के लागला. पुढच्या वर्षी अभ्यासक्रम पूर्ण, केंद्र परक्या शाळेत, वर कॉपीमुक्त अभियान. निकाल ९३.८३. वर्तमानपत्रांनी 'घसरण' लिहिलं. मला विचाराल तर कोविडनंतरचा पहिला खरा निकाल तो, आणि ज्या मुलांची सातवीची वार्षिक परीक्षासुद्धा झाली नव्हती त्यांनी तो आणला, याचं कौतुक व्हायला हवं होतं.

२०२३ ला बसलेल्या त्या तुकडीसाठी आम्ही लिहिण्याचा सराव पायरीपायरीने वाढवला. जुलैत रोज एक पान शुद्धलेखन, अगदी दहावीला, मुलं हसायची. मग २० गुणांची चाचणी पाऊण तासात. दिवाळीनंतर दोन तासांचा ४० गुणांचा पेपर, जानेवारीत पूर्ण तीन तास. भूमितीच्या रचना तर शून्यापासून. फोनवर दुभाजक काढलेला दिसतो, पण कंपासचं टोक कागदावर रोवून हात न हलवता चाप मारणं बघून येत नाही. अर्ध्या मुलांच्या कंपासपेटीत कंपासच नव्हता.

फोनचा प्रश्न सगळ्यात चिवट निघाला. "सरांनी अभ्यास टाकलाय" एवढं म्हटलं की घरचा फोन हातात मिळायचा, आणि आई-वडिलांना ते खोटं आहे हे कळायचा मार्ग नव्हता. म्हणून २०२२ च्या गणपतीनंतर शाळेने ठरवलं की गृहपाठ फळ्यावर लिहायचा, वहीत उतरवून न्यायचा, गटावर फक्त सूचना. पालकसभेत हे जाहीर केलं तेव्हा मागून एक आजी म्हणाल्या, "बरं झालं बाई, आता फोन मला मिळंल." काही सहकाऱ्यांना ही पिछेहाट वाटली, अजूनही वाटते. माझं मत बदललेलं नाही.

जी परत आलीच नाहीत त्यांच्याबद्दल थोडं. काही मुलगे मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात, गॅरेजमध्ये, द्राक्षाच्या बागेत रोजाने लागले होते. खिशात पैसे खुळखुळायला लागल्यावर नववीच्या बाकावर बसणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. वर्गशिक्षक एकटे घरी गेले की मुलगा मागच्या दाराने पसार. पण बरोबर त्याचे दोन मित्र नेले की तो निदान समोर तरी बसायचा. त्यातले बरेच आले. मुली कमी परतल्या. पटावर नाव आणि मुलगी सासरी, अशी उदाहरणं आमच्याकडेही झाली. दोघींनी पुढे १७ नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसण्याचा, फॉर्म भरून दहावी केली, एक तर बाळाला आईजवळ ठेवून पेपरला यायची.

मग जून २०२३ च का, तर त्या वर्षी मी वेळापत्रक लावलं आणि ते पहिल्या आठवड्यात कुणी मोडलं नाही. नवी दहावी आठवीत असताना दिवसाआड का होईना वर्गात बसली होती आणि नववी पूर्ण शाळेत काढून वर चढली होती. पाचवीला रांगेत कसं उभं करायचं हे तिला माहीत होतं. लेझीमचा सराव दहावीनेच घेतला. घंटा झाल्यावर कुठल्यातरी वर्गातून पाढ्यांचा आवाज यायला लागला, तोही बेसूर आणि कंटाळलेला, जसा पूर्वी यायचा तसा.

तुमचा प्रश्न माध्यमिकपुरता आहे, तरी एक गोष्ट जोडते. २०२०-२१ मध्ये जी मुलं पहिलीत होती, ती २०२४-२५ मध्ये आमच्याकडे पाचवीत आली. यांना बसायची सवय आहे, मैदान ठाऊक आहे, फोनही कमी. पण जोडाक्षरं आणि हातच्याची वजाबाकी यांत जो खड्डा आहे तो मोठ्या मुलांमध्ये नव्हता, कारण मोठ्यांची पहिली-दुसरी शाळेतच झाली होती. पाचवीच्या वर्गशिक्षिकेने माझ्याकडे आठवड्याला दोन तासिका जादा मागितल्या. कार्यानुभवाची एक आणि चित्रकलेची एक कापून मी त्या दिल्या आहेत. चित्रकलेचे सर अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.