पहिल्यांदा बायोसर्फॅक्टंट करताय? मग माध्यमाकडे नीट बघा

बायोसर्फॅक्टंट म्हणजे सूक्ष्मजीवांनी बनवलेला, साबणासारखा पृष्ठताण उतरवणारा पदार्थ. सुरुवात बॅसिलस सबटिलिस या जिवाणूपासून कर, तो सर्फॅक्टिन नावाचं बायोसर्फॅक्टंट देतो. स्यूडोमोनास एरुगिनोसा हा जिवाणू रॅम्नोलिपिड हे दुसरं बायोसर्फॅक्टंट छान देतो, पण तो संधिसाधू रोगकारक आहे. हात बसल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नकोस.

न्यूट्रिएंट ब्रॉथ या तयार माध्यमात (जिवाणू वाढवायच्या पोषक द्रवात) वाढ जोरात होते, म्हणून नवखे तिथेच रमतात. भरघोस वाढ म्हणजे भरघोस सर्फॅक्टंट नव्हे. रॅम्नोलिपिड तर नायट्रोजन संपत आला आणि कार्बन शिल्लक राहिला की जास्त बनतं. त्यामुळे ग्लुकोज, ग्लिसरॉल, वनस्पती तेल अशी कार्बनस्रोत बदललेली खनिज क्षारांची माध्यमं शेजारी-शेजारी लाव. सर्फॅक्टिनसाठी लोह आणि मँगनीजचं प्रमाणही बदलून बघ, फरक पडतो.

आणि कळकळीने सांगतो, प्रत्येक माध्यमाचा जिवाणू न घातलेला कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचा फ्लास्क, ठेवच! न्यूट्रिएंट ब्रॉथमधलं पेप्टोन (प्रथिनांचे तुकडे) स्वतःच पृष्ठताण थोडा उतरवतं. माझे कितीतरी आठवडे त्या खोट्या आनंदात गेले.

शुद्ध पाण्याचा पृष्ठताण सुमारे 72 मिलिन्यूटन प्रति मीटर असतो, सर्फॅक्टिन तो 27 पर्यंत आणतं. पण एका पातळीनंतर आकडा खाली जातच नाही, मग सर्फॅक्टंट कितीही वाढो. म्हणून पेशी काढलेला द्रव 10 पट, 100 पट पातळ करून पुन्हा मोज. कुठलं माध्यम सरस, ते तिथे उघडं पडतं.

फ्लास्क एक-पंचमांशच भर, फेस बुचापर्यंत चढतो. वेगळं करताना पेशी आधी काढ, मगच आम्लाने सामू 2 वर आणून रात्रभर थंडीत ठेव. सर्फॅक्टिनचा साका खाली बसतो.