पहाटे साडेचारला शीळ कोण घालतं?

प्रश्न: जुलैमध्ये आम्ही आंबोलीला एका होमस्टेमध्ये होतो. धो धो पाऊस, लाइट गेलेली आणि पहाटे साडेचारला बाहेर कोणीतरी शीळ घालतंय, अगदी माणसासारखी! मला वाटलं तिथे कामाला असलेला पोरगा असेल, मिस्टर म्हणाले झोप आता. उजाडल्यावर मागच्या ओढ्यात दगडावर एक काळा पक्षी दिसला, साळुंकीपेक्षा जरा थोराड, तोच शीळ घालत होता, आणि उडाला तेव्हा खांद्यावर एकदम निळं चमकलं. ॲप ब्लू व्हिसलिंग थ्रश सांगतंय, ते बरोबर का? त्याचंच रेकॉर्डिंग मोबाइलवर लावलं तर तो पार जवळ आला, म्हणून फोटो मिळाला. फोटो आणि रेकॉर्डिंग दोन्ही पाठवतेय.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: ॲपने खानदान बरोबर ओळखलंय पण भाऊ भलताच धरलाय. हा शीळकरी कस्तुर, म्हणजे मलबार व्हिसलिंग थ्रश, आपल्या सह्याद्रीतला. ॲपवाला भाऊ हिमालयात भेटतो, तो आकाराने मोठा आणि तिथे त्याची चोच पिवळी असते, तुमच्या फोटोत चोच काळीकुट्ट आहे, झालं, निकाल तिथेच लागला. फोटो झूम करून कपाळ पण बघा, निळा पट्टा दिसेल (पिल्लांना तो नसतो).

आता काळा की निळा, तर दोन्ही. ते निळं म्हणजे रंगद्रव्य नाहीच, पिसाची बारीक रचनाच अशी असते की उजेड पडला की निळं चमकतं, आणि पावसाळ्यात ओढ्यावर झाडी दाटलेली असताना उजेड कुठला, त्यामुळे बहुतेकांना काळाच दिसतो आणि लोक कोकीळ म्हणून सोडून देतात. नर-मादी सारखेच दिसतात, त्यामुळे तुमचा कोणता ते मला विचारू नका.

शीळ मात्र एकदा ऐकली की विसरत नाही. तिला धड चाल नसते, वर जाते, खाली येते, मध्येच सोडून देते, बंबात लाकडं सारता सारता कोणीतरी उगाच शीळ घालावी तसं. इंग्रजीत त्याला शीळ घालणारा शाळकरी पोरगा म्हणायचे, म्हणजे तुमचा अंदाज अगदीच काही चुकला नव्हता! मीसुद्धा माथेरानला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खिडकी उघडून "कोण आहे रे" म्हणून ओरडलो होतो.

पावसाळ्यात जास्त ऐकू येतो कारण तेव्हा त्याचा विणीचा हंगाम असतो. घरटं ओढ्याकाठी कपारीत, कधी कधी घराच्या वळचणीलाही, आणि खायला खेकडे, बेडूक, गोगलगायी, किडे, फळं. खेकडा दगडावर आपटून आपटून फोडताना दिसला तर फोटोबिटो सोडा, नुसतं बघत बसा.

रेकॉर्डिंग लावलंत ते मात्र नको होतं. तो जवळ आला तो कौतुकाने नाही हो, त्याला वाटलं दुसरा कस्तुर आपल्या ओढ्यात घुसलाय, म्हणून तो भांडायला आला, आणि तेवढा वेळ घरटं मागे वाऱ्यावर. पुढच्या वेळी दहा मिनिटं गप बसा, बहुतेक त्याच दगडावर परत येईल.

तुमचं रेकॉर्डिंग ऐकलं, शीळ छानच आलीय, पण मागे सलग जो दुसरा आवाज येतोय तो पक्ष्याचा नाही, मिस्टरांना विचारा.