सोलापुरात कृषिपंपाची वीज मोफत आहे. ती बंद न करता कोळसा कमी करता येईल का?

हो, येईल, अनुदान तसंच ठेवून त्यामागची वीज बदलायची. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचं बिल मार्च २०२९ पर्यंत राज्य सरकार भरतंय. शेतकऱ्याला वीज फुकट पडली तरी महावितरण ती विकतच घेते, आणि राज्यातली बहुतेक वीज अजून कोळशाचीच आहे (आपल्याकडचा एनटीपीसीचा १,३२० मेगावॅटचा प्रकल्पही त्यातलाच). मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून कृषी फीडरला (शेतीपंपांच्या वीजवाहिनीला) दिवसा वीज दिली जाते. ती महावितरणला युनिटला साधारण ३ रुपयांनी, म्हणजे स्वस्तात मिळते, म्हणून कोळसा आणि सरकारी खर्च दोन्ही कमी होतात. शिवाय रात्री-अपरात्री पाणी द्यायला शिवारात जावं लागत नाही, आणि मला हा फायदा सगळ्यात मोठा वाटतो.

मात्र यानं पाण्याचा प्रश्न सुटत नाही. वीज सौर झाली तरी फुकटच राहते, त्यामुळे उसासाठी बोअरमधून होणारा उपसा थांबत नाही. त्यासाठी ठिबक आणि पंपांना मीटर लागतीलच.