टर्बोचं नंतर बघू, आधी एअर कुठून घेते ते शोधा

या वेळच्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त एकाच जातीचे निघाले, जुनी डिझेल फोर बाय फोर घेतलीय आता काय काय लावू. म्हणून यावेळी फक्त तेवढेच घेतलेत, प्रश्न जरा आखडून.

प्रश्न: काका, ३० वर्षं जुनी गाडी घेतली, सहा सिलेंडर डिझेल, टर्बो नाही, पंप जुना मेकॅनिकल. चढ आला की दम तुटतो, मागे काळा धूर, आणि सकाळी सेल्फ पंधरा-पंधरा सेकंद मारायला लागतो. सगळे म्हणतात टर्बो किट टाक. टाकू का?

आत्ता नको. तुमची गाडी मुळात नवी असताना जेवढं ओढायची तेवढं तरी आज ओढते का हे आधी बघू, कारण माझ्या अंदाजाने नाही ओढत, आणि ते दुखणं तसंच ठेवून वर टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) बसवला तर दुखणं म्हशीला अन् इंजेक्शन पखालीला अशातली गत होईल.

काळा धूर म्हणजे डिझेल आलं पण जळायला हवा पुरली नाही. (निळा असेल तर ऑइल जळतंय, पांढरा असेल तर एकतर न जळलेलं डिझेल नाहीतर कुलंट.) म्हणजे हवा कमी की डिझेल जास्त, दोन्ही तपासायचं. एअर फिल्टर तर बदलाच, पण फिल्टरपासून इंजिनकडे जाणारा रबरी होज काढून आतून बोट फिरवा, जुन्या होजचा आतला थर सुटतो आणि रेस केली की आतल्या आत चिकटून हवा बंद करतो, बाहेरून बघितलं तर होज एकदम ठणठणीत. मग पंपाचा फुल लोड स्क्रू (पूर्ण ताकदीला किती डिझेल सोडायचं ते ठरवणारा) बघा, त्याचं सील तुटलेलं असेल तर आधीच्या कुणीतरी पिकअपसाठी तो पिळलाय असं समजा. नोझल (इंजिनात डिझेल फवारणारी तोटी) काढून टेस्टरवर लावून घ्या, धुक्यासारखा फवारा यायला पाहिजे, धार लागत असेल किंवा टपकत असेल तर नोझल गेलं.

आता सकाळचा सेल्फ. इथे दोनच मुख्य संशयित, हिटर प्लग (थंड इंजिन लागावं म्हणून आतून तापवणारे) आणि डिझेल लाइनमध्ये एअर. प्लगवरची जोडपट्टी काढून एकेक प्लग मीटरवर बघा, चांगला प्लग एखाद-दोन ओहमच्या आत दाखवतो, गेलेला काहीच दाखवत नाही. सहापैकी दोन गेले तरी गाडी उरलेल्या चारांवर कशीबशी लागते म्हणून लोकांना वर्षानुवर्षं कळतच नाही. थेट बॅटरीची वायर लावून लाल होतो का बघायचा मोह आवरा, काही जुन्या गाड्यांत प्लग १२ व्होल्टपेक्षा कमीचे असतात, लगेच उडतील.

एअरसाठी माझी आवडती युक्ती म्हणजे फिल्टर ते पंप या मधला पाइप काढून तिथे डिझेलला चालेल असा वीतभर पारदर्शक पाइप तात्पुरता लावायचा. रात्री बंद करताना तो गच्च भरलेला असेल आणि सकाळी वरच्या बाजूला बोटभर पोकळी दिसली तर चोर सापडला, आणि गाडी चालू असताना बारीक बुडबुडे एकामागोमाग पळताना दिसले तर गळती टाकीच्या बाजूला, म्हणजे क्लिप, फिल्टरचं रबर, हँड प्रायमर (डिझेल हाताने चढवायचा छोटा पंप) यापैकी कुठेतरी. डिझेल बाहेर गळेल असं नाही हां, तिथे पंप ओढत असतो त्यामुळे फट असली तर हवाच आत येते. पंपाची स्वतःची सीलंही बघा. कमी सल्फरचं डिझेल आलं तेव्हा पुष्कळ जुन्या पंपांची नायट्राइल रबरची सीलं आकसली आणि पंप पाझरायला लागले, सील किट टाकलं की प्रश्न मिटतो.

एवढं करून गाडी सुधारली (बऱ्यापैकी सुधारेल) तरी टर्बो हवाच असेल तर कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण उघडल्यावर भकाभका धूर येत असेल तर टर्बोचा विषय तिथेच बंद, आधी पिस्टनच्या रिंगा. आणि इंजिन कुठल्या प्रकारचं आहे ते समजून घ्या. लँड रोव्हरचं १९९४ मध्ये आलेलं ३०० टीडीआय घ्या, अडीच लिटर, डायरेक्ट इंजेक्शन (डिझेल थेट सिलेंडरमध्ये), कंपनीनेच टर्बो इंटरकूलर धरून बनवलेलं, कॉम्प्रेशन १९.५ ला १. उलट टोयोटाचं वन-एच-झेड ४.२ लिटर, प्री-चेंबरवालं (डिझेल आधी छोट्या कप्प्यात फवारणारं), टर्बो नसलेलं, कॉम्प्रेशन २२ च्या वर. अशा इंजिनांना लोक टर्बो लावतात आणि ती वर्षानुवर्षं चालतातही, पण बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा जादा दाब) अर्धा बारच्या आसपास ठेवून. पेट्रोलमध्ये इंधन कमी पडलं की गरम होतं, डिझेलमध्ये उलटं, जितकं डिझेल जास्त तितकी उष्णता जास्त, त्यामुळे टर्बो आला की पंपाचा स्क्रू पिळणाऱ्याचा हात आधी धरा. एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा मीटर टर्बोच्या आधी मॅनिफोल्डमध्ये बसवा आणि लांब चढावर काटा ७०० अंशांच्या वर राहू देऊ नका. हा मीटर नसेल तर पिस्टन वितळतोय हे तुम्हाला वितळल्यावरच कळणार.

आणि हो, इंजिनला टायमिंग बेल्ट असेल आणि तो कधी बदलला ते विकणाऱ्याला सांगता येत नसेल तर वरचं सगळं राहू द्या, आधी बेल्ट.

प्रश्न: लाइट, विंच वगैरेसाठी जास्त अँपिअरचा अल्टरनेटर लावला. चार्जिंग झकास, पण तेव्हापासून ब्रेक दगडासारखा कडक. संबंध आहे का?

आहे, आणि गाडी आजपासून उभी करा.

डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा थ्रॉटल नसतो म्हणून मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होत नाही, मग ब्रेकच्या बूस्टरसाठी वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो आणि जुन्या गाड्यांत बऱ्याचदा तो अल्टरनेटरच्या पाठीवरच बसवलेला असतो. तुम्ही लावलेल्याला मागे तो पंप आहे का बघा, मी पैज लावतो नसणार. ही चूक मी स्वतः केलीय म्हणून इतकं ठासून सांगतोय. माझ्या गाडीचा अल्टरनेटर बदलणाऱ्याने सुटलेल्या व्हॅक्यूम पाइपात चक्क एक बोल्ट कोंबून वर क्लिप मारून दिली होती, मी बॉनेट उघडून बघितलंसुद्धा नाही. उतारावर पहिल्या दाबाला ब्रेक नीट लागला, दुसऱ्याला बरा, तिसऱ्याला पायाखाली दगड, कारण बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम तेवढाच पुरतो. खालच्या गिअरवर आणि हँडब्रेकवर थांबवली, पाय नंतर कितीतरी वेळ लटलट कापत होते.

पंपवालाच अल्टरनेटर घ्या नाहीतर वेगळा इलेक्ट्रिक व्हॅक्यूम पंप बसवा. अल्टरनेटरवरच्या पंपाला इंजिनचं ऑइल येतं आणि परत जातं, ते दोन्ही पाइप जोडले का, परतीचा कुठे मुडपला नाही ना, हेही बघायचं. नंतरची तपासणी सोपी आहे, इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, मग दाबून धरा आणि चालू करा, पेडल पायाखाली थोडं खाली गेलं पाहिजे.

प्रश्न: दोन इंच लिफ्ट केली, टायर २९ इंचावरून ३१ चे टाकले. आता साठ-सत्तरला स्टेअरिंग असं थरथरतं की हातातून सुटेल. स्टेअरिंग डँपर दोनदा बदलला. आणि तिसरा कुठला घेऊ?

कुठलाच घेऊ नका. डँपर थरथर लपवतो, बरी करत नाही, आणि मोठ्या टायरने फक्त आधीपासूनचा ढिलेपणा उघडा पाडलाय.

टायरचं बॅलन्सिंग आणि हवा बघून झाली की पुढचं चाक जॅकवर घ्या, वर आणि खाली दोन हात लावून हलवा. हललं तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर व्हील बेअरिंग, नाही थांबलं तर किंगपिनचं (चाक ज्यावर वळतं त्या खिळीचं) बेअरिंग. मग चाकं जमिनीवर, इंजिन चालू, एकजण स्टेअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं हलवतोय आणि तुम्ही खाली पडून प्रत्येक टाय रॉड एंडवर आणि पॅनहार्ड रॉडच्या (अ‍ॅक्सल बाजूला सरकू न देणाऱ्या दांड्याच्या) बुशवर हात ठेवताय, जिथे रॉड आधी हलतो आणि पुढचा भाग मागाहून, तिथे पैसे घाला, डँपरमध्ये नको. किंगपिनची घट्ट-सैल तपासायला साधा ताणकाटा लागतो, वजन करायचा आकड्याचा. टाय रॉड सोडवून नकलच्या (चाकासकट वळणाऱ्या भागाच्या) आर्मला आकडा अडकवून ओढायचं, वळायला लागताना किती किलो दाखवतो ते मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडायचं आणि शिम कमी-जास्त करायचे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं थट्टा चाललीय, पण टोयोटाच्या जुन्या सॉलिड अ‍ॅक्सलची पद्धतच ही.

लिफ्टमुळे कॅस्टर (चाक ज्या रेषेवर वळतं तिचा मागे झुकाव) कमी झालाय का हे अलाइनमेंटला मोजून घ्या, कॉइल स्प्रिंगच्या गाड्यांत हमखास होतो, त्याचे वेगळे बुश मिळतात. मागच्या अ‍ॅक्सलला लोडप्रमाणे ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व असेल तर त्याचा दांडाही नव्या उंचीला लावून घ्या, बॉडी वर गेली की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. स्पीडोमीटर आता सुमारे ७ टक्के कमी दाखवतोय, काटा ८० वर म्हणजे तुम्ही ८५ च्या पुढे आहात.

प्रश्न: गिअरबॉक्स आणि हाउसिंग दोन्हीत एकच चांगलं जीएल-५ ऑइल टाकलं तर चालेल का?

हाउसिंगमध्ये (म्हणजे अ‍ॅक्सलमधल्या डिफरन्शिअलमध्ये) जीएल-५ हवंच. गिअरबॉक्समध्ये मॅन्युअल जीएल-४ सांगत असेल तर जीएल-४ च, जीएल-५ मधले सल्फर-फॉस्फरसचे घटक जुन्या पितळी सिंक्रो रिंगा (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या) खातात. आकडा मोठा म्हणजे ऑइल भारी असं नसतं.

प्रश्न: आधी बॉडी रंगवून घेतो म्हणजे उत्साह राहतो, चेसिसचं नंतर बघू. चालेल ना?

उत्साह चेसिस बघितल्यावर राहतो का ते बघा आधी. पेटीसारखी चेसिस आतून गंजते, बाहेरून काळा रंग चकचकीत असतो. छोटी हातोडी घेऊन पुढून मागे ठोकत जा, चांगल्या लोखंडाचा टणटण आवाज येतो, कुजलेल्याचा बद्द येतो, मागचे पाटे किंवा स्प्रिंग जिथे बसतात तिथे आणि क्रॉस मेंबरच्या जोडांवर जास्त वेळ द्या. बद्द आला की स्क्रू ड्रायव्हर टोचा. आत गेला तर बरं झालं आत्ता गेला, वेल्डिंगच्या ठिणग्या नव्या रंगावर उडाल्यावर कळण्यापेक्षा.

गंजावर नवी पट्टी ठोकू देऊ नका, चांगलं लोखंड लागेपर्यंत कापायचं आणि मग जोडायचं. वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि अल्टरनेटरची वायर सोडवा, डिझेल आणि ब्रेकचे पाइप बाजूला घ्या, अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ लावा नाहीतर करंट बेअरिंगमधून वाट काढतो. झाल्यावर आतून कॅव्हिटी वॅक्स मारा. खाली जाड डांबरी कोट गंजावरच फासला तर पाणी आत कोंडतं आणि बाहेरून सगळं सुंदर दिसतं, तसली गाडी विकत घ्यायलाही नको. आणि वॅक्स मारून झालं की चेसिसच्या तळाची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा, वॅक्सने तीच सगळ्यात आधी बुजतात.