लेकीला इंजिनिअर करायचंय, पण क्लास परवडत नाही

प्रश्न: ताई, आम्ही सांगलीत एका खोलीत राहतो, मी धुणीभांडी करते. पोरगी अकरावी सायन्सला आहे. क्लासची फी झेपत नाही, काय करू?

उत्तर: आधी तिला रोज दोन तास शांत जागा मिळवून द्या, कॉलेजची लायब्ररी नाहीतर वस्तीतलं समाजमंदिर, चार पोरी मिळून बसल्या तर अजून चांगलं, मला तर क्लासपेक्षा हेच महत्त्वाचं वाटतं. इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेत, म्हणजे सीईटीत, साधारण २० टक्के प्रश्न अकरावीचे असतात, हे वर्ष वाया घालवू नका. आणि २०२४ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), ओबीसी, एसईबीसी (मराठा) मुलींची कॉलेजची शिकवणी फी आणि परीक्षा फी सरकार भरतं, पण अ‍ॅडमिशन कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच हवं! बारावीचा पेपर संपला की लगेच उत्पन्नाचा दाखला काढा, नंतर सेतूत लई गर्दी होते.