सिंगापूरला आधी नोकरी, मग स्वतःची कंपनी: कागदांचा क्रम

भाऊ, तुमचा बेत असा: वय ३०, नागपूर विद्यापीठाचं एम.बी.ए., बँकेतला अनुभव. सिंगापूरला नोकरी धरायची आणि दोन वर्षांत पैसे पाठवण्याच्या सेवेची कंपनी काढायची. नोकरीचा पास, म्हणजे तिथे काम करण्याचा सरकारी परवाना, धंद्याला चालत नाही, हे आधी पक्कं करा.

एम्प्लॉयमेंट पासचा अर्ज कंपनी करते. जानेवारी २०२५ पासून वित्तक्षेत्रात किमान पगार महिना ६,२०० सिंगापूर डॉलर आहे, पण तो तेविशीतल्या पोरांसाठी. वयागणिक चढत तो पंचेचाळिशीला ११,८०० होतो. तुम्ही आठ हजारांच्या आसपास धरा. साडेसहाची ऑफर आली म्हणून राजीनामा टाकू नका.

पुढे कॉम्पासची चाळणी, म्हणजे या पाससाठीची गुणपद्धत; किमान ४० गुण लागतात. मान्य पदवीला १०, निवडक नामांकित संस्थांना २०. पगार त्या क्षेत्रातल्या स्थानिकांच्या मानाने बरा असेल तर १०, खूपच वर असेल तर २०. कंपनीच्या वरच्या पदांवर भारतीय २५ टक्के किंवा जास्त असतील तर राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात शून्य. अशी वरची पदं २५ पेक्षा कमी असलेल्या छोट्या कंपनीला मात्र राष्ट्रीयत्व आणि स्थानिक भरती, दोन्हींचे १०-१० आपसूक मिळतात. पदवीचे १०, पगाराचे १०, झाले ४०. मोठ्या नावामागे धावणारे हा हिशेब करतच नाहीत.

पदवीची पडताळणी लागते. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी आणि आईचं नाव वेगळं, पासपोर्टवर भलताच क्रम. हा घोळ नागपुरात असतानाच निस्तरा.

आता कंपनी. नोंदणीला ३१५ सिंगापूर डॉलर, भांडवल एक डॉलरही चालतं, एक संचालक तिथला रहिवासी हवा आणि सहा महिन्यांत कंपनी सेक्रेटरी. इतकं स्वस्त पाहून लोक फसतात. पासवर असताना शेअर घेता येतात, पण नोकरी देणाऱ्या कंपनीशी संबंध नसलेल्या कंपनीचं संचालकपद किंवा काम नाही. त्यासाठी आंत्रेपास हा वेगळा पास आहे. तो गुंतवणूकदारांचं पाठबळ किंवा नवं तंत्रज्ञान असलेल्यांना. फूड कोर्टात सावजीचा गाळा टाकणाऱ्याला मिळणार नाही. शिवाय पैसे पाठवण्याच्या सेवेला सिंगापूरच्या मध्यवर्ती बँकेचा परवाना लागतो: साध्याला एक लाख डॉलर मूळ भांडवल, मोठ्याला अडीच लाख.

इकडचं राहिलं. नोकरीसाठी निघताना त्या आर्थिक वर्षात भारतातले दिवस १८२ च्या आत ठेवा; १ एप्रिलपासून इथेच असाल तर २८ सप्टेंबरपर्यंत निघा. नाहीतर सिंगापूरचा पगारही इथल्या विवरणपत्रात येतो. बचत खातं एन.आर.ओ., म्हणजे अनिवासींचं रुपयांतलं खातं, करा. वडील भांडवल पाठवणार असतील तर वर्षाला अडीच लाख अमेरिकी डॉलरची मर्यादा आहे, आणि दहा लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक २० टक्के टी.सी.एस., म्हणजे आगाऊ कर, कापते. तो पुढे करात वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. काटोलकडे संत्र्याची बाग घ्यायची असेल तर जाण्याआधी घ्या. अनिवासी झाल्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही. आधीची मात्र ठेवता येते.